हामूर संघाची मधली चार वर्षं

काँप्रेसरच्या खोलीचं दार कुणी वाजवत नाही. ज्याला काम असतं तो सरळ आत येतो, आणि ज्याला काम नसतं त्याला ही खोली आहे हेच माहीत नसतं. म्हणून मंगळवारी दुपारी दारावर टकटक झाली तेव्हा नागेशला ती मशीनमधलीच वाटली. एखादा बोल्ट सैल झाला असावा अशी. त्याने काँप्रेसरला हात लावून पाहिलं, पाइपाशी कान नेला, आणि मग पुन्हा टकटक झाली. दारात मुलींच्या आइस हॉकी संघातली तस्नीम उभी होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, डाव्या बाजूने खेळणारी. खांद्यावर स्टिक, हातात एक कागद. ती इंग्रजीत बोलत होती, मध्ये मध्ये अरबीत, त्याला समजेल अशा बेताने. "तुम्हीच नागेश ना? इथे सगळ्यांत जुने तुम्ही, असं ऑफिसात म्हणाले. मी संघाचा इतिहास लिहितेय. रिंकच्या बाहेर भिंतीवर लावायचाय." तिने कागद पुढे धरला. त्याच्या हातांना तेल होतं, म्हणून त्याने तो घेतला नाही, नुसता वाकून वाचला. दोन हजार नऊ, स्थापना. अकरा, पहिला विजय. तेरा, लीगमध्ये तिसरा क्रमांक. मग थोडी पांढरी जागा. मग अठरा, पुन्हा सुरुवात. बावीस, मुलींचा संघ. तिने पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "चौदा ते अठरा कुणालाच काही सांगता येत नाही. इथे काय झालं?"

"आठवावं लागेल," तो म्हणाला.

"पुढच्या मंगळवारी येते मग," ती म्हणाली, आणि बर्फाकडे गेली. दार लागलं. काँप्रेसरचा आवाज पुन्हा खोलीभर झाला. नागेश स्टुलावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण ज्याला आठवणं म्हणतो तसलं काहीच करायला नको आहे, सगळं इथेच आहे, गेजच्या काट्यासारखं समोर.

रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात तो अठराव्या वर्षी लागला होता. वडील, नाना, तिथलेच ऑपरेटर. मीठपाण्याच्या टाकीत डबे सोडायचे, दुसऱ्या दिवशी लाद्या काढायच्या, त्या फुटायच्या, होड्यांवर जायच्या आणि माशांबरोबर विरून जायच्या. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे. नाना कधी गेजकडे पाहायचे नाहीत. लादीवर बोटाच्या पेरांनी मारायचे आणि कान तिरका करायचे. "बद्द वाजला तर अजून पाणी आहे आत," एवढंच त्यांनी शिकवलं. बाकीचं नागेश दुबईत शिकला, मग दोन हजार सातमध्ये दम्मामला या मॉलमध्ये आला, आणि इथला बर्फ पाहून त्याला पहिल्यांदा हसूच आलं होतं. हा बर्फ कुणी विकत नव्हतं, कुणी फोडत नव्हतं, त्यात मासे ठेवत नव्हतं. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आत मॉलच्या तळमजल्यावर चार बोटं जाडीचा बर्फ नुसता आडवा पडून राहिलेला, कुणीतरी आपल्यावरून घसरत जावं म्हणून. हा बर्फ विरू द्यायचा नाही, एवढीच त्याची नोकरी. नानांना त्याने फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग संध्याकाळी काढता काय तुम्ही?"

दोन वर्षांनी पेक्का आला. फिनलंडचा, पंपांच्या कंपनीत इंजिनिअर, कुठल्याही दाराच्या चौकटीत मान वाकवून जाणारा. त्याने नऊ माणसं गोळा केली आणि कप्तान झाला. तिघं कॅनडाचे, एक स्लोव्हाक, दोन अमेरिकेत शिकून आलेले सौदी, बाकीचे कुठले कुठले. गोलकीपरचे पॅड एकच, तेही उसने. संघाला हामूर नाव ठेवलं, कारण पहिल्या सरावानंतर सगळ्यांनी मिळून हामूर मासा खाल्ला होता. नागेशला गंमत वाटली होती. हामूर म्हणजे आपला हेकरू. तोंड वासून खडकाच्या आड बसणारा, पोहायचा कंटाळा असणारा मासा. आणि संघ खरंच तसाच होता. जुबैल, खोबर, रियाध आणि हे, चारच संघांची लीग, त्यात दोन वर्षं हे सगळ्यांकडून हरत राहिले. नागेशने ते हरणं पाहिलं असं म्हणता येत नाही. खोलीच्या दाराला पाटीएवढी काच आहे, तिच्यातून रिंकचा फक्त डावा कोपरा दिसतो. जे त्या कोपऱ्यात यायचं तेवढंच त्याला दिसायचं. पाठमोरे दोन खेळाडू फळीला चिकटलेले, पायांत रबराची काळी चकती, स्टिकांची खडखड, आणि मग सगळे काचेच्या बाहेर निघून जायचे. उरलेला सामना तो ऐकायचा. स्केटच्या पात्यांच्या आवाजावरून त्याला माणसं ओळखू यायची. स्लोव्हाक बर्फ खरवडायचा. सौद्यांतला धाकटा लहान लहान पावलं टाकायचा, घाबरल्यासारखी. पेक्का लांब कापत यायचा, रेशीम फाडल्यासारखा, आणि तो आवाज आला की बर्फ बरोबर लागलाय हे नागेशला गेज न बघता कळायचं. अकरा साली जुबैलविरुद्ध जिंकले तेव्हा सगळ्यांनी स्टिका फळ्यांवर आपटल्या. खोलीची भिंत थरथरली, शेल्फावरचा पाना खाली पडला. नागेश एकटाच आत टाळ्या वाजवत उभा होता. मग त्याला लाज वाटली आणि त्याने पाना उचलून ठेवला.

बाहेर जाऊन हात मिळवावा असं तेव्हा वाटलं होतं का? वाटलं असेल. पण बाहेर उमैर होता. उमैर कराचीचा, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायचा. दर वीस मिनिटांनी तो गाडी घेऊन मैदानात जायचा तेव्हा पोरं टाळ्या वाजवायची, खेळाडू त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि तो राजासारखा हात हलवायचा. संघाच्या फोटोतसुद्धा उमैर आहे, गाडीवर बसलेला. नागेश त्या वेळी ग्लायकोलचा व्हॉल्व्ह बघत होता. कुणी बोलावलं नाही म्हणून नव्हे. त्याला बोलवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आणि त्याच्याही नव्हतं. एखादं घर उबदार आहे म्हणून कुणी चुलीला हाक मारत नाही, तसंच काहीसं. आपण या संघाचे आहोत असं मात्र त्याला वाटायचं. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत सहा जण क्रिकेट बघत असायचे आणि तो मनात पुढच्या शुक्रवारचा बर्फ लावत असायचा. हॉकीला उणे पाच, मुलांना घसरायला उणे तीन, आणि पेक्काला, त्याने कधी सांगितलं नव्हतं तरी, उणे साडेपाच.

आणि मग चौदा सालचा फेब्रुवारी. शुक्रवार. दुपारी चारला जुबैलशी सामना, जिंकले असते तर पहिल्यांदा अंतिम फेरी. सकाळी त्याने दोन नंबरचा काँप्रेसर तेल बदलायला बंद केला होता. तासाभराचं काम. तेल भरून झालं, झाकण लावलं, आणि फोन वाजला. भाऊ होता. "नाना गेले," तो म्हणाला. मागे बायकांचा आवाज येत होता. कुणीतरी पाणी तापवायला सांगत होतं. खोलीत आवाज फार म्हणून नागेश फोन घेऊन पार्किंगच्या जिन्यात गेला, आणि तिथे बसला. किती वेळ ते त्याला आजही सांगता येत नाही. सिमेंटची पायरी थंड होती. समोर एक पांढरी गाडी लागली, त्यातून आई-बाप आणि तीन पोरी उतरल्या, त्यातल्या एकीच्या हातात गुलाबी हातमोजे होते, ते तिने खाली पाडले, बाप परत वळला आणि त्याने ते उचलले. हे सगळं त्याला दिसत होतं. पासपोर्ट मॉलच्या ऑफिसात कुलपात, ऑफिस शुक्रवारी बंद, शनिवारी साहेबाला गाठायचं, परत यायचा व्हिसा काढायचा, रविवारचं विमान मिळालं तर सोमवारी रत्नागिरी. मातीला नाही, पण दहाव्याला पोचता येईल. असा सगळा हिशोब स्वच्छ डोक्यात लागत होता. फक्त दोन नंबरचा काँप्रेसर त्या हिशोबात नव्हता.

तो परत आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गाडी फिरवून आलेला उमैर दारात उभा. "नागेशभाई, उधर कोने में बर्फ गीला लग रहा है." नागेशने गेजकडे पाहिलं. उणे दोन. त्याने काँप्रेसर चालू केला. आता चालू केला तरी दीड तास लागणार होता, हे त्याला माहीत होतं. सामना थांबवा, एवढं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण मग का, असं विचारलं असतं, आणि का याचं उत्तर देताना नानांचं नाव घ्यावं लागलं असतं. बाप मेला म्हणून बर्फ बिघडला, हे वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. "चलेगा," तो म्हणाला. उमैर खांदे उडवून गेला. दुसऱ्या सत्रात पेक्का त्या डाव्या कोपऱ्यात आला. काचेतून दिसला. लांब कापत आला, पण आवाज रेशमाचा नव्हता, ओल्या लाकडाचा होता, बद्द. पातं रुतलं. अंग पुढे गेलं आणि पाय मागे राहिला. तो ओरडला नाही. बर्फावर आडवा होऊन गुडघा दोन्ही हातांनी धरून त्याने डोळे वर केले, आणि ते डोळे सरळ दाराच्या काचेवर होते. त्या नजरेला नागेश आजवर उत्तर देत आला आहे.

संध्याकाळी तापमानाच्या वहीत त्याने दुपारच्या चौकोनात उणे पाच लिहिलं. चौकशी झाली तेव्हा वही बघितली गेली आणि खेळाडूचा तोल गेला असं ठरलं. शनिवारी तो साहेबाकडे गेला नाही. आज रजा मागितली तर काल काय झालं ते विचारतील, तारखा शेजारी शेजारी ठेवतील. रविवारीही गेला नाही. मग दहावं झालं, बारावं झालं. घरी सांगितलं, साहेबांनी सोडलं नाही. इथे कुणाला सांगितलंच नाही की बाप गेला. पेक्का शस्त्रक्रियेला मायदेशी गेला तो आला नाही. त्याच्यामागे कॅनडावाल्यांपैकी दोघांनी कायमची एक्झिट घेतली, स्लोव्हाक अबूधाबीला गेला, सौदी पोरांची लग्नं झाली. कुणी संघ मोडला नाही, पुढच्या शुक्रवारी कुणी आलं नाही एवढंच. चार वर्षं त्या बर्फावर वाढदिवस झाले. प्लॅस्टिकच्या पेंग्विनांना धरून लहान मुलं रडत रडत सरकायची, वर गुलाबी दिवे, आणि आत नागेश उणे तीनवर बर्फ सांभाळत बसायचा. रडणं ऐकू यायचं. पात्याने लांब बर्फ कापल्याचा आवाज चार वर्षांत एकदाही आला नाही.

रविवारी त्याने किशोरीला, बायकोला, फोन केला. ती नेहमीचं बोलत होती. स्वानंदीला कोल्हापूरला प्रवेश मिळाला, वसतिगृहाचं अजून नक्की नाही, मागच्या दाराला वाळवी लागलीय. तो मध्येच म्हणाला, "नाना गेले तेव्हा फोनवर मी काय बोललो होतो गं?"

"आज काय मध्येच?"

"असंच."

"काही नाही बोललात. ओहोटीला गेले का, एवढं विचारलंत भावजींना. मग फोनच ठेवलात." आणि मग, "बाराव्यापर्यंत वाट बघितली सगळ्यांनी. मीच सांगितलं सगळ्यांना, साहेबांनी सोडलं नाही म्हणून."

"साहेबांना मी विचारलंच नव्हतं."

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. "म्हणजे?"

"नव्हतं विचारलं."

"अहो, अकरा वर्षांनी हे मला कशाला सांगताय?" तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपणा होता. अकरा वर्षं एक गोष्ट लोकांना सांगत आलेल्या माणसाचा. नागेशला पुढचं सांगायचं होतं, काँप्रेसरचं, उमैरचं, वहीचं. पण किशोरीने दम्मामचा बर्फ कधी पाहिलेला नव्हता. कुठून सुरुवात करणार? "ठेवते," ती म्हणाली, "दूध वर येतंय."

मंगळवारपर्यंत त्याने तीनदा ठरवलं की सांगायचं नाही. एक्कावन्न वय, इकामा, इथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपतोय, नव्या मॅनेजरला तसंही तरुण माणूस हवाय. मॉलचं बांधकाम, असं सांगितलं तरी चालेल. त्या मुलीला एक ओळच तर हवी आहे. पण तस्नीम आली, या वेळी न वाजवता आत आली, आणि उलट्या बादलीवर बसली. पेन उघडून तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आता काहीतरी सांगणार आणि ती ते लिहून घेणार. या खोलीत अठरा वर्षांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. तो बोलू लागला. मोडक्या इंग्रजीत, त्याहून मोडक्या अरबीत. शब्द नाही सापडला की गेजवर बोट ठेवून. काँप्रेसर. फोन. जिना. उणे दोन. चलेगा. वही. तिने लिहिणं केव्हा थांबवलं ते त्याला कळलं नाही. शेवटी तो म्हणाला, "संघ मोडला तो माझ्यामुळे. हे लिहा."

तिने फोन काढला. "पेक्काचा नंबर मिळालाय मला," ती म्हणाली. "तुम्हीच बोला."

नको म्हणायच्या आत पडद्यावर तो आला. केस सगळे पांढरे, डोळ्यांना चष्मा, मागे स्वयंपाकघर. तस्नीमने भराभर इंग्रजीत सांगितलं. पेक्का ऐकत राहिला, मग मोठ्याने हसला, वाईट हसू नव्हतं ते. "तो गुडघा? तो तर डिसेंबरातच गेला होता. डॉक्टरने खेळू नकोस म्हणून सांगितलं होतं, मी इंजेक्शनं घेऊन खेळत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी नाही तर पुढच्या शुक्रवारी पडलो असतो." त्याने पडद्याजवळ तोंड आणलं. "बर्फ ओला होता का? मला आठवत नाही. आणि हे कोण?"

"नागेश," नागेश म्हणाला.

"गाडीवाला?"

"नाही. गाडीवाला उमैर."

"उमैर! त्याचा ईदला मेसेज येतो दर वर्षी. आणि तुम्ही?"

"मी आतला. मशीनच्या खोलीतला. डाव्या कोपऱ्याशी दार आहे ना, त्याला काच..."

पेक्काने खरंच आठवून पाहिलं, भुवया आवळून, भल्या माणसासारखं. "तिथे दार होतं?" तो म्हणाला. "माफ करा हं. आठवत नाही. पण बर्फ छान असायचा तिथला. एकदम छान."

फोन बंद झाला. नागेशला वाटलं होतं की हलकं वाटेल. जे वाटलं ते वेगळंच होतं. भरलेल्या टाकीचं बूच काढल्यावर पाणी जातं, आणि मग तळ दिसतो, आणि तळाला काहीच नसतं, तसं. अकरा वर्षं तो एका नजरेला उत्तर देत होता आणि ती नजर काचेपर्यंत आलेलीच नव्हती. ती छतावर असेल, दिव्यावर असेल, दुखण्यात मिटायच्या आधी कुठेतरी नुसती उघडी असेल. त्याने केलेली चूक तरी त्या संघात होती असं त्याला वाटत आलं होतं. आता तीही नव्हती. काँप्रेसर चालू होता. काटा उणे पाचावर होता. कुणीतरी बाहेर पाती घासत होतं.

"मग मी लिहिते, कप्तानाला गुडघ्याची दुखापत झाली," तस्नीम हळू म्हणाली. "एवढंच."

"हो. एवढंच."

ती उठली. स्टिक उचलली, पण गेली नाही. "त्या दिवशी तुमचे वडील गेले," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि इथे मयतीच्या घरी म्हणतात ते म्हणाली, "अज्जमल्लाहु अज्रक." नागेशने ते कितीदा ऐकलं होतं, स्वतः म्हटलंही होतं, मागच्या मॅनेजरचा भाऊ गेला तेव्हा, सुरक्षारक्षकाची आई गेली तेव्हा. त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यावर काय म्हणायचं असतं ते त्याने कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. "शुक्रन," तो म्हणाला, दुकानदाराला म्हणावं तसं. ती मान हलवून गेली.

त्याने हात धुतले, दोनदा, साबण लावून. एक नंबर, दोन नंबर, दोन्ही काँप्रेसर पाहिले. मग दार ओढून घेतलं आणि तो वर तिसऱ्या मजल्यावर ऑफिसात गेला. तिथे कोट्टयमचा एक क्लार्क बसतो, कामाचा माणूस, मान वर न करता बोलणारा. "छुट्टी चाहिए," नागेश म्हणाला, "पंद्रह दिन." क्लार्कने कॉम्प्युटरवर रजेचं पान उघडलं. "कारण?" त्यात एक यादी होती, तीतून एक निवडायचं होतं. नागेशने वाकून ती वाचली आणि बोट ठेवलं. घरातला मृत्यू. क्लार्कने पहिल्यांदा मान वर केली. "अरे. कौन?"

"पिताजी."

"सॉरी, भाई." त्याने खुर्ची पुढे ओढली. "नाम बोलो."

नाना म्हणून चालणार नव्हतं. नागेशने पूर्ण नाव सांगितलं, दत्ताराम शिवराम मयेकर, आणि क्लार्कने ते एकेक अक्षर विचारत टाइप केलं. या मॉलमध्ये, या देशात ते नाव कुणी पहिल्यांदाच लिहीत होतं. पडद्यावर ते फार लांब दिसलं. "कब हुआ?"

"सात फेब्रुवारी."

क्लार्क थबकला. नोव्हेंबर चालू होता. "इसी साल?"

"दो हज़ार चौदा."

क्लार्क त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने ती तारीख टाकून पाहिली. का टाकली कोण जाणे, सवयीने असेल, किंवा नाही म्हणायचं काम त्याला स्वतः करायचं नसेल. चौकोनाभोवती लाल रेघ आली. तीस दिवसांच्या आतली तारीख हवी होती. "सिस्टिम नहीं लेता है," तो जरा ओशाळून म्हणाला. "साल वाली छुट्टी में डाल देता हूँ. तुम्हारी बहुत बाकी है. जाओ आराम से." आणि त्याने यादी पुन्हा खाली केली, वडिलांच्या नावाच्या शेवटी माउस नेला, आणि एक बोट खोडायच्या बटणावर ठेवलं.

"थांबा," नागेश म्हणाला.

क्लार्कला मराठी येत नव्हतं. पण तो थांबला.